काळा चिमटा कुठे लावलात?

मी एक जुना काट्याचा मीटर आहे. ‘जुना’ हा शब्द मी ऐकीव माहितीवर वापरत नाही. माझ्या काचेवर आडवा ओरखडा आहे, निवडीचे बटण फिरवताना कुरकुरते आणि पाठीवरची नावाची पट्टी इतकी झिजली आहे की माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला, हे मलाही पुराव्यानिशी सांगता येत नाही. मित्रांनो, ज्याला पुरावा नाही ते मी सांगत नाही. ही एक सवय वगळली तर अभिमान बाळगावा असे माझ्यात फारसे काही नाही.

दुसरी सवय मात्र त्रासदायक आहे. मला स्वस्थ बसता येत नाही. टेबलावर कोणी पाना टाकला तरी माझा काटा दचकतो. रस्त्यावरून अवजड गाडी गेली की खिडकीच्या काचांआधी तो थरथरतो. आकड्यांच्या पट्टीच्या डाव्या टोकाला शून्य आहे. ती माझी विश्रांतीची जागा, असे म्हणायची पद्धत आहे. प्रत्यक्षात मी तिथे टेकतो, विसावत नाही.

याचे कारण माझ्या घडणीतच आहे. केसाहून बारीक तांब्याच्या तारेची एक चिमुकली चौकट, तिच्या दोन्ही बाजूंना घड्याळात असतात तशा नाजूक स्प्रिंगा, भोवती लोहचुंबक आणि या सर्वांनी मिळून तोलून धरलेला काटा. वीज वाहिली की चौकट वळू पाहते आणि स्प्रिंगा तिला मागे ओढतात. ही ओढाताण जिथे बरोबरीत सुटते तिथे काटा थांबतो. म्हणजे माझे प्रत्येक उत्तर ही एका भांडणातली तडजोड असते. ज्या बाईंनी मला जुळवले त्या डोळ्याला भिंग लावून बसत आणि काट्याच्या शेपटीवर वितळवलेल्या कथलाचा कणभर थेंब ठेवून त्याचा तोल साधत. श्वासाने काटा हलू नये म्हणून तोंडावर रुमाल बांधत. माझ्या चुळबुळ्या स्वभावाला दोष न मानणारी मला भेटलेली ती पहिली व्यक्ती.

त्यांनी माझ्या आकड्यांखाली आरशाची एक अरुंद पट्टी बसवली. काट्याकडे तिरके पाहिले तर आकडा चुकतो. म्हणून वाचणाऱ्याने डोके थोडे इकडेतिकडे करून अशी जागा शोधायची की काटा आणि त्याचे आरशातले प्रतिबिंब एकावर एक येतील, मगच वाचायचे. आकडा पाहण्याआधी आपण कुठे उभे आहोत ते पाहा, एवढेच तो आरसा सांगतो. फार थोडे लोक त्याचे ऐकतात.

माझी पहिली नोकरी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत होती. तिथले विद्यार्थी उत्तर आधी लिहीत आणि नंतर माझ्याकडे पाहत, जणू मी त्यावर शिक्का मारायला ठेवलेला कारकून. माझा काटा त्यांच्या उत्तराशी जुळला नाही तर ते माझ्या काचेवर टिचक्या मारत. पुढे तिथे आकडे दाखवणारे नवे मीटर आले आणि आम्हा काटेवाल्यांना एका खोक्यात भरून विकून टाकण्यात आले. त्या खोक्यातून मला ज्यांनी उचलले ते दुचाकींच्या विजेचे काम करणारे मिस्त्री होते. त्यांनी मला कानाशी धरून हलवले, आत काही खुळखुळत नाही याची खात्री केली आणि ते म्हणाले, “चल, तुला कामाला लावतो.”

त्यांचे गॅरेज म्हणजे एका उताराच्या गल्लीतली लांबट खोली. मागच्या भिंतीला वायरींची भेंडोळी, डाव्या हाताला चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या, आणि दारात नेहमी एखादी स्कूटर, पुढचे आवरण उघडून, पोटातल्या वायरी बाहेर काढून उभी. माझी जागा कामाच्या टेबलावर, दिव्याखाली. मिस्त्रींनी माझ्या काळ्या वायरीचे टोक कापून तिथे दातेरी चिमटा बसवला, म्हणजे एक हात मोकळा राहतो. गिऱ्हाइकाने शंका काढली की ते माझ्याकडे बोट दाखवत. “माझं खोटं वाटत असेल तर राहू द्या. काट्याला विचारा. त्याला तुमच्याकडून काही नको आहे.”

हे कौतुक खरे होते, पण अपुरे होते. ते कसे, हे कळण्यासाठी मित्रांनो, माझ्या धंद्यातली एकच गोष्ट समजून घ्या. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब. हा दाब कधीही एका जागेचा नसतो. तो दोन जागांमधला फरक असतो. जिन्याची एखादी पायरी किती उंच, असे विचारले तर आधी सांगावे लागते, कुठून मोजायची: अंगणातून की खालच्या पायरीवरून? माझे लाल टोक वरच्या पायरीवर असते आणि काळा चिमटा ‘इथून मोज’ असे सांगतो. मी फक्त दोहोंतले अंतर दाखवतो. पण माणसे लाल टोकाकडे टक लावून पाहतात आणि काळा चिमटा कुठेतरी अडकवून विसरून जातात.

मिस्त्रींचा त्याबाबत एक ठरलेला नियम होता: काळा चिमटा बॉडीला. स्कूटरची सगळी लोखंडी बॉडी बॅटरीच्या उणे टोकाला जोडलेली असते, तेव्हा बॉडी म्हणजेच शून्य. कुठेही उघडे लोखंड दिसले की चिमटा लावायचा. या नियमाने त्यांनी आयुष्यभर काम केले आणि तो त्यांना कधी नडला नाही. न नडलेल्या नियमाकडे मी जरा संशयाने पाहतो. त्याची कधी परीक्षाच झाली नसेल, अशीही शक्यता असते.

मग एक काळ असा आला की मला कोणी विचारेनासे झाले. मिस्त्रींच्या पत्नी अंथरुणाला खिळल्या. गॅरेज त्यांच्या सुनेने अंगावर घेतले. मुलगा मालगाडीवर नोकरीला, महिन्यातून मोजके दिवस घरी. सून तंत्रशाळेत वीजकाम शिकलेली होती आणि बोलायला धारदार होती. गिऱ्हाइके आधी ‘मिस्त्री नाहीत का?’ विचारत. ती म्हणे, “आहेत ना. हातात पाना कुणाच्या आहे ते बघा.” पण तिला माझी सवय नव्हती. ती दिवा लावून पाही: पेटला तर वीज आहे, नाही तर नाही. मी टेबलाच्या खणात, पुसायच्या चिंध्यांखाली गेलो. अंधारात काट्याला काही दिसत नाही. पण दारात चालणाऱ्या इंजिनांची थरथर लाकडातून आत येई आणि माझा काटा उगाच हलत राही. उत्तर तयार आणि प्रश्न नाही, यासारखी तगमग दुसरी नसावी.

त्या आजारपणात घरी येणाऱ्या एक परिचारिका होत्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. आरोग्य केंद्राकडून त्या स्कूटरवरून घरोघर फिरत: कुणाला इन्सुलिन, कुणाच्या पाठीवरच्या जखमेची पट्टी, कुणाची नळी बदलायची. जे उठून केंद्रापर्यंत येऊ शकत नाहीत, ते सगळे त्यांचे पेशंट. मिस्त्रींच्या पत्नीला शेवटपर्यंत पाठीला जखम झाली नाही, याचे श्रेय मिस्त्री सिस्टरांना देत. पत्नी गेल्यावर मिस्त्री बरेच दिवस नुसते दारात बसून राहिले. नंतर एके दिवशी उठले आणि सिस्टरांना म्हणाले, “तुमची स्कूटर आठवडाभर माझ्याकडे सोडा.”

“काका, ती चालते आहे.”

“चालते, पण बघवत नाही.”

स्कूटर खरोखरच गंजली होती. मिस्त्रींनी ती सांगाड्यापर्यंत उतरवली, प्रत्येक गंजलेला भाग घासला, अस्तर दिले आणि वर गर्द निळा रंग चढवला. पाठीमागून, कोपऱ्यांत, भोकांच्या आतल्या कडांपर्यंत; जिथे कुणाची नजर कधी जाणार नाही तिथेही. पुन्हा जोडताना रंगाला चरा पडू नये म्हणून त्यांनी प्रत्येक बोल्टखाली रबरी वॉशर घातला. मी खणात होतो. मला हे सगळे फक्त आवाजांवरून आणि नंतरच्या बोलण्यांवरून ठाऊक आहे, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. सिस्टरांनी स्कूटरभोवती एक फेरी मारली. मग म्हणाल्या, “आता पेशंटपेक्षा हिलाच जास्त जपावं लागेल.”

मित्रांनो, खरी गोष्ट इथून सुरू होते.

काही दिवसांनी स्कूटर ढकलत ढकलत परत आली. सेल्फ लागत नव्हता. बटण दाबले की नुसते टक्‌ असे वाजे. एरवी किक मारून भागते, पण सिस्टरांच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. किक त्यांना वर्ज्य.

“निम्म्या गल्लीकडून किक मारून घेतली आज,” त्या बाकावर बसत म्हणाल्या. “उरलेली निम्मी उद्यासाठी ठेवलीय.”

सुनेने बॅटरी पाहिली. जुनीच होती, दमलेली. नवी घातली. स्कूटर मजेत निघून गेली आणि पुढच्याच आठवड्यात पुन्हा तशीच परत आली. नवी बॅटरीही उतरलेली. ती बदलून दुसरी नवी दिली; तीही तशीच उतरली.

“तुम्ही दर घरासमोर बंद करता आणि पुन्हा सेल्फ मारता, त्यानं उतरत असेल,” सून म्हणाली.

“पूर्वीही दर घरासमोरच बंद करत होते. चालू ठेवून इंजेक्शन द्यायला जात नव्हते.”

या उत्तराला तोड नव्हती. जे आधीपासून तसेच आहे ते नव्या बिघाडाचे कारण कसे असेल? त्या वेळी मिस्त्री उठले आणि त्यांनी खण उघडला. चिंध्या बाजूला झाल्या, उजेड आला आणि माझा काटा असा उसळला की मिस्त्रींनी माझ्यावर तळहात ठेवला. “थांब, थांब. जुनी खोड गेली नाही तुझी.”

आता सिस्टरांची अडचण केवळ पायपिटीची नव्हती. केंद्राच्या मुख्य डॉक्टरांनी त्यांना सांगून ठेवले होते की सोमवारपासून घरोघरची फेरी ज्याचे वाहन भरवशाचे आहे त्यालाच मिळेल. तसा दुसरा कुणी नव्हताच. म्हणजे फेरी बंद, सिस्टर केंद्राच्या खिडकीत, आणि पेशंटांनी तिथे यायचे.

“जो कुशीवर वळू शकत नाही, तो रांगेत कसा उभा राहणार, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही,” सिस्टर म्हणाल्या. हे त्या चिडून बोलल्या नाहीत. त्यामुळे ते अधिक लागले. आपल्या घरातले अंथरूण आठवून मिस्त्रींनी मान फिरवली.

त्यांनी इंजिन सुरू केले, लाल टोक बॅटरीच्या अधिक टोकाला लावले आणि काळ्या चिमट्यासाठी उघडे लोखंड शोधले. ते कुठेच नव्हते. सगळीकडे निळा, गुळगुळीत, त्यांच्याच हातचा रंग. तो खरवडायला त्यांचे मन धजेना. पुढच्या आवरणाच्या आत एक ॲल्युमिनियमची पातीदार डबी असते. तिला रेग्युलेटर म्हणतात. इंजिनाजवळची कॉइल जी वीज तयार करते ती बॅटरीला मानवेल अशी करून, दाब प्रमाणात ठेवून पुढे पाठवणे हे तिचे काम. त्या डबीला तेवढा रंग नव्हता. मिस्त्रींनी चिमटा तिच्या पात्याला लावला. माझा काटा चौदाच्या थोडा पुढे जाऊन थांबला.

“चौदा. चार्जिंग उत्तम,” ते म्हणाले. “तुझी नवी बॅटरीच नासकी निघाली.”

“बाबा, एकदा नवी नासकी निघेल. ही दुसरी आहे.”

“मग दुसरीही नासकी.”

सुनेने दुपारी ते जेवायला गेले असताना मला स्वतः हाती घेतले. तिला शिकवलेली पद्धत वेगळी होती: दोन्ही टोके थेट बॅटरीवर. तिने माझे लाल टोक अधिकवर धरले, आणि चिमटा तिथे बसत नाही म्हणून त्याला एक खिळा पकडवून तो उणे टोकावर टेकवला. इंजिन तेच, बॅटरी तीच, मीही तोच. काटा बाराच्या किंचित पुढे रेंगाळला आणि इंजिनाचा वेग वाढवला तरी हलेना. बारावर बॅटरी भरत नाही. ती नुसती झिजत जाते.

मिस्त्री परतल्यावर तिने सांगितले. त्यांनी पुन्हा मोजले: चौदा. तिने मोजले: बारा. आणि मग दोघांनी माझ्याकडे पाहिले.

ती नजर मी आजही विसरलेलो नाही. यंत्राला लाज वाटते की नाही, हा वादाचा विषय आहे. पण एकाच प्रश्नाला दोन उत्तरे देणारा मीटर भंगारात जातो, यात वाद नाही. मी स्वतःलाच तपासू लागलो. स्प्रिंग सैलावली असेल का? खणातल्या दमट हवेने आतला एखादा जोड सुटला असेल का? काळ्या वायरीत रबराखाली एखादी तार तुटली असेल का? स्वतःला मोजण्याची सोय मात्र मीटरमध्ये नसते. काटा शून्यावर होता आणि मला त्या शून्याचाही भरवसा वाटेना.

“काट्याचं वय झालं,” सून म्हणाली.

“वय माझंही झालंय. मी काही एकाच वेळी दोन गोष्टी सांगत नाही.”

“परवा विचारलं तेव्हा जेवलो म्हणालात, आणि ताट झाकलेलं होतं.”

मिस्त्री हसले नाहीत, पण त्यांनी शेजारच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून त्याचा आकडेवाला मीटर मागून आणला. तो पिवळ्या कवचातला, उजळ पडद्याचा, फार आत्मविश्वास असलेला गृहस्थ होता. त्याला मिस्त्रींच्या पद्धतीने लावले: चौदा पूर्णांक एक. सुनेच्या पद्धतीने लावले: बारा पूर्णांक दोन. दशांश चिन्हाने भांडण मिटले नाही; ते फक्त अधिक बारीक झाले. माझ्या छातीवरचा दगड उतरला असे म्हणालो तर अतिशयोक्ती होईल, कारण निम्माच उतरला. मी खोटा नव्हतो, एवढे ठरले. पण मग दोन्ही उत्तरे खरी कशी?

त्यांनी तो प्रश्न बाजूला ठेवला आणि माणसे अशा वेळी जे करतात ते केले: सुटे भाग बदलायला घेतले. मिस्त्रींनी दुसरा रेग्युलेटर आणून बसवला, त्याच जागी, तेच रबरी वॉशर जपून परत घालून. फरक शून्य. सुनेने कॉइलच्या वायरी सोडवून माझी टोके तिथे लावली. इंजिनाचा वेग वाढला तसा माझा काटा झपाझप वर गेला. म्हणजे कॉइल धडधाकट. कॉइल वीज देते, रेग्युलेटर ती घेतो आणि बॅटरी मात्र उपाशी. जेवण शिजते आहे, वाढले जाते आहे आणि खाणारा रोडावत चालला आहे, असा तो प्रकार.

शनिवारी सिस्टर पायीच आल्या. हातातल्या पिशवीत बर्फाच्या डब्यात इन्सुलिन होते आणि चेहऱ्यावर उन्हाचा थकवा. त्यांनी स्कूटरची दुसरी किल्ली टेबलावर, माझ्या शेजारी ठेवली.

“काका, तुमच्या ओळखीत कुणी घेणारा असेल तर देऊन टाका. रंग बघूनच घेईल कुणीही.”

“सोमवार यायचाय अजून,” मिस्त्री म्हणाले.

“सोमवार येतोच. त्याला बॅटरी लागत नाही.”

त्या गेल्या. मिस्त्री हात धुवायच्या निमित्ताने मागच्या नळावर गेले आणि बराच वेळ तिथेच थांबले. सून एकटी राहिली. ती स्कूटरसमोर उकिडवी बसली, मला तिने जमिनीवर ठेवले आणि इंजिन चालू ठेवून बराच वेळ नुसती पाहत राहिली. मग तिने असे काही केले जे तोवर दोघांपैकी कुणीच केले नव्हते. तिने अधिक टोकाचा नाद सोडला. माझे लाल टोक तिने बॅटरीच्या उणे टोकावर ठेवले आणि काळा चिमटा रेग्युलेटरच्या पात्यावर.

मित्रांनो, नीट लक्ष द्या. तिने मला दोन शून्यांमधले अंतर विचारले होते. बॅटरीचे उणे टोक हे तिचे शून्य. रेग्युलेटरचे पाते हे सासऱ्यांचे शून्य. दोन्ही बॉडीला जोडलेली, म्हणून दोन्ही एकच, असा सगळ्यांचा समज. एकाच जागेच्या दोन नावांत अंतर नसते. माझा काटा जागचा हलायला नको होता.

तो जवळपास दोन व्होल्टपर्यंत चढला आणि तिथे थरथरत उभा राहिला.

त्या क्षणी सगळी तगमग सरळ रेषेत आली. चौदा आणि बारा, मधले दोन हे इथे. रेग्युलेटर आपल्या अंगापासून मोजत होता आणि चौदा पुरे झाले म्हणून हात आखडत होता. त्याच्या जागेवरून तो बरोबरच होता. बॅटरीपर्यंत त्यातले बाराच पोचत होते, कारण परतीच्या वाटेवर रेग्युलेटरचे अंग आणि स्कूटरची बॉडी यांच्यामध्ये काहीतरी आडवे आले होते. सुनेने मान वाकवून आत पाहिले. रेग्युलेटर ज्या पट्टीवर बसवला होता ती पट्टी पुढून निळी होती, मागून निळी होती, भोकांच्या आतून निळी होती, आणि बोल्टखाली दोन काळे, नवेकोरे रबरी वॉशर होते. धातूला धातू कुठेच नीट भिडत नव्हता. बोल्टच्या एखाद्या आट्याच्या कडेवरून वीज कशीबशी सरपटत होती.

तिने लगेच हाक मारली नाही. तो रंग कुणासाठी आणि कशाची आठवण म्हणून दिला होता, हे तिला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक होते.

“काटा उभा का आहे?” मिस्त्री मागे येऊन उभे होते.

“काही नाही. बाबा, चहा ठेवू का?”

“चहाचं मला कळतं. कुठे लावलायस?”

“तुम्ही बसा ना जरा.”

ते बसले नाहीत. गुडघ्यावर हात टेकून वाकले. त्यांनी लाल टोकाकडे पाहिलेच नाही. काळ्या चिमट्यापासून त्यांची नजर पात्यावर, पात्यावरून बोल्टवर आणि बोल्टखालच्या वॉशरवर गेली. मग त्यांनी डोके किंचित डावीकडे घेतले, माझा काटा आणि त्याचे आरशातले प्रतिबिंब एक होईपर्यंत. इतक्या वर्षांत मी त्यांना तसे करताना प्रथमच पाहिले.

“दोन,” ते म्हणाले.

“मी एक वायर टाकते, पात्यापासून थेट बॅटरीच्या उणेला,” सून घाईघाईने म्हणाली. “रंगाला हात लावायची गरजच नाही. कुणाला कळणारही नाही.”

“टाक. आधी बघू, हाच दोष आहे का.”

तिने एक सुटी वायर दोन्ही ठिकाणी टेकवली आणि माझी टोके तिच्या पद्धतीने बॅटरीवर लावली. इंजिनाचा वेग वाढला. काटा बारावरून निघाला, तेरा ओलांडून चौदाच्या पुढे गेला. तिने वायर उचलली: बारा. टेकवली: चौदा. पुन्हा उचलली, पुन्हा टेकवली. एकदा जुळले ते योगायोगानेही जुळू शकते. म्हणून तिने चारपाचदा केले आणि दर वेळी मी तेच सांगितले. मला तेवढ्या वेळापुरती अस्वस्थता आठवत नाही.

“वायर राहू दे,” मिस्त्री म्हणाले. “आणि मला पॉलिश पेपर दे.”

“बाबा, कशाला? चालतंय की.”

“आज चालतंय. उद्या ही वायर निघाली की सिस्टर पुन्हा रस्त्यात. पोरी, मी तिला रंग दिला तो ती चालावी म्हणून.”

तिने पेपर दिला. त्यांनी बोल्ट सोडवले, रबरी वॉशर काढून खिशात टाकले आणि ज्या पट्टीच्या पाठीलाही त्यांनी तीन हात रंग दिला होता, तिच्यावर एका जागी घासायला सुरुवात केली. निळी भुकटी त्यांच्या बोटांवर, पायजम्यावर आणि माझ्या काचेवर पडली. खालचे अस्तर दिसले, मग करडे, मग चकचकीत लोखंड. रुपयाएवढी जागा मोकळी झाल्यावर ते थांबले. त्यांनी तिथे ग्रीसचे बोट फिरवले, म्हणजे गंज धरणार नाही. रेग्युलेटर पुन्हा कसला. या वेळी बोल्टखाली दातेरी लोखंडी वॉशर. सुनेने तिची वायरही पक्की केली. दोघांच्या मतभेदातून स्कूटरला दोन वाटा मिळाल्या, हे चांगलेच झाले.

मग मला शेवटचा प्रश्न विचारण्यात आला. लाल टोक उणेवर, चिमटा पात्यावर. दोन शून्यांमध्ये किती अंतर? काटा जरासा शहारला आणि जागेवर आला.

रविवारी सिस्टरांना बोलावणे गेले. त्यांनी बटण दाबले. सेल्फ एका दमात लागला. बंद केली, पुन्हा लावली. असे त्यांनी इतक्या वेळा केले की सून म्हणाली, “अहो, पेशंटांसाठी ठेवा थोडी.” पुढचे आवरण अजून उघडेच होते. सिस्टरांना ती घासलेली जागा दिसली.

“अरे, इथला रंग कुणी काढला?”

“मीच,” मिस्त्री म्हणाले. “दोष माझा होता, सिस्टर. सगळं झाकून टाकलं मी. वीज परत यायला वाट ठेवली नाही. दोन बॅटऱ्यांना आणि या बिचाऱ्या काट्याला उगाच नावं ठेवली. तुमचे पाय दुखले ते वेगळंच.”

सिस्टर वाकल्या आणि त्यांनी त्या मोकळ्या जागेशेजारच्या गुळगुळीत निळ्या रंगावरून बोट फिरवले.

“काका, आम्ही पेशंटला कितीही जाड पांघरूण घातलं तरी एक मनगट बाहेर ठेवतो,” त्या म्हणाल्या. “नाडी बघायला.”

मिस्त्रींनी टेबलावरची दुसरी किल्ली उचलून सिस्टरांच्या हातावर ठेवली आणि आवरण लावायला घेतले. सोमवारी उताराच्या गल्लीतून ती स्कूटर खाली गेली, तेव्हा मी तिच्या इंजिनाची थरथर लाकडातून ओळखली.

आता मी पुन्हा दिव्याखाली असतो. मिस्त्री आणि सून दोघेही मला हाताळतात, आणि माझ्यावरून त्यांची भांडणे होतात तीही मला गोड वाटतात. “चौदा आहे,” असे एकाने म्हटले की दुसरा आकड्याची चौकशी करत नाही. तो विचारतो, “काळा चिमटा कुठे लावलात?” एवढ्या एका प्रश्नाने या गॅरेजातल्या किती बॅटऱ्या निष्कारण बदलण्यातून वाचल्या, हे मी सांगू शकणार नाही; मी मोजलेले नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूने शेवटी काहीतरी मागायचे असते. मला उन्हात किंवा ओलीत ठेवू नका, टोकांच्या वायरी ओढू नका, हे तर आहेच. पण त्याहून मोठी विनंती दुसरी आहे. तुम्ही कुणाची तरी मनापासून काळजी घ्याल. वस्तूची घ्याल, घराची, माणसाची. तेव्हा सगळेच्या सगळे झाकून टाकू नका. एक रुपयाएवढी जागा उघडी ठेवा, जिथे चिमटा लावता येईल. आणि अधूनमधून तिथे मोजून पाहा. आपण इतक्या प्रेमाने केले म्हणजे ते बरोबरच असणार, असे धरून चालू नका.

सिस्टरांची स्कूटर दर महिन्याला येते. मिस्त्री आवरण उघडतात, त्या जागेवरचे जुने ग्रीस पुसतात, नवे लावतात, आणि मला म्हणतात, “बोल.” मी दोन शून्यांकडे पाहतो आणि हलत नाही. माझ्या स्वभावाला ते फार जड जाते.